चित्रात नसलेला ओटा

एके सकाळी मी नेहमीप्रमाणे धर्मशाळेच्या ओट्यावर आलो, चटई अंथरली, लिहिण्याची तिरपी पेटी समोर ओढली आणि मान वर केली, तो दाराशेजारी प्लास्टिकमध्ये मढवलेले एक रंगीत चित्र टांगलेले दिसले. जीर्णोद्धारानंतर ही वास्तू अशी दिसेल, असे त्याखाली गुजरातीत लिहिलेले होते. चित्रात नक्षीचे सागवानी खांब होते, वरची लाकडी गॅलरी होती, कौले होती. पुढे हिरवेगार गवत होते, गवतावर एक लाल मोटार उभी होती आणि मोटारीमागे सुरतेत कोठेही न उगवणारे एक टोकदार झाड होते. ओटा मात्र नव्हता. ज्या दगडावर बसून मी ते चित्र पाहत होतो, तो दगडच चित्रातून नाहीसा झालेला होता.

मला संताप आला. हे लिहिताना तो ओसरलेला नाही, आणि वाचकांनी तो गृहीत धरूनच पुढे वाचावे.

मी अर्जनवीस आहे. शिक्षण सातवीपर्यंत झाले, पुढचे परिस्थितीने होऊ दिले नाही; परंतु मराठी, हिंदी आणि गुजराती या तिन्ही भाषांत कायद्याला धरून मसुदा करणारा दुसरा माणूस या शहरात असल्यास माझ्या पाहण्यात नाही. वकील मंडळींनी माझे मसुदे वाचून ‘हा कोणाच्या हातचा’ अशी चौकशी केल्याचे मला ठाऊक आहे. उधन्याच्या लूम कारखान्यांत राबणारी आमची खानदेशी माणसे रेशनकार्डासाठी, शाळेच्या दाखल्यासाठी, मालकाच्या मनमानीविरुद्ध दाद मागण्यासाठी माझ्याकडे येतात. ती ओट्याच्या काठावर पाय सोडून बसतात. काठावर पाय सोडून बसलेला माणूस मनातले बोलतो. तोच खुर्चीत बसवला की तक्रार विसरतो आणि साहेब, साहेब करू लागतो. म्हणून खुर्ची मी कधी ठेवली नाही.

परंतु प्रश्न माझ्या बैठकीपुरता नव्हता. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. रविवारी घरोघर देवीची स्थापना होते, आणि सोमवारी बायका तिला चौरंगासह डोक्यावर घेऊन वाजतगाजत तापीवर निरोप द्यायला नेतात. घरून निघालेली देवी नदीवर पोहोचेपर्यंत जमिनीवर टेकवायची नाही, आणि डोक्यावर देवी असलेल्या बाईने वाकायचे नाही, असा आमच्या लोकांत नेम आहे. उधन्याहून नदी पुष्कळ लांब पडते. नदीच्या अलीकडे शेवटची आरती करायची, तर देवीला कोठेतरी विसावा द्यावा लागतो. तो विसावा म्हणजे हा ओटा. त्याची उंची बाईच्या कंबरेच्या जराशी वर येते. बाई पाठमोरी उभी राहते, मागच्या दोघीजणी चौरंगाला हात देतात, आणि न वाकता देवी अलगद दगडावर येते. ज्याने हा ओटा बांधला तो प्रवाशांचा विचार करत होता की घोडेस्वारांचा, हे मला माहीत नाही. आम्ही सुरतेत आलो तेव्हापासून आमची देवी त्यावर विसावते आहे, एवढे माहीत आहे.

मी धर्मशाळेच्या विश्वस्तांकडे गेलो. विश्वस्त म्हणजे कापड बाजारातले एक वयस्कर शेठ. धर्मशाळा त्यांच्या पूर्वजांनी बांधलेली. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साथीनंतर शहर झाडूनपुसून लखलखीत करण्याचे वारे सुटले होते, त्यातच त्यांच्या अमेरिकेतल्या धाकट्या भावाने जीर्णोद्धारासाठी देणगी आणि तिच्यासोबत संगणकाची एक चकती पाठवली होती. त्या चकतीत घराचे नकाशे आणि चित्रे काढण्याचा प्रोग्राम होता. काम सुरू करण्यापूर्वी चित्र दाखवावे, अशी धाकट्या भावाची अट होती.

“बेसो काका,” शेठ म्हणाले. “चित्र पाहिलं? आमच्या वहूने काढलं. सगळं कॉम्प्युटरमध्ये.”

“शेठ, त्यात ओटा नाही.”

“नसेल. तुम्ही वहूला विचारा. मला तर ते यंत्र चालूही करता येत नाही.”

शेठची सून वरच्या मजल्यावर, गारव्याच्या यंत्राच्या खोलीत बसत असे. ती बडोद्याची, गृहसजावटीचे काही शिक्षण घेतलेली. माहेरच्या गल्लीत मराठी बिऱ्हाडे असल्यामुळे मराठी बऱ्यापैकी बोलत होती.

“चप्पल बाहेर काढली ना काका? याला धूळ चालत नाही.”

“बेन, धूळ आम्हालाही चालत नाही. तरी आम्ही रस्त्याच्या कडेला बसतो.”

ती हसली. मी हसवण्यासाठी बोललो नव्हतो.

“ओटा कोठे गेला?” मी विचारले.

“ओटलो? एमां ओटलो नथी, काका.” मग माझा चेहरा पाहून ती मराठीत म्हणाली, “मी काढला नाही असं नाही. यात तो नाहीच. बघा.” तिने पडद्यावर एक यादी उघडली. “हे दरवाजे. हे जिने. हे फायरप्लेस, थंडीत घरात विस्तव पेटवायला. हे मोटारीचं घर. हे कुत्र्याचं घर.”

“कुत्र्याचे घर आहे?”

“आहे. पाहिजे?”

“ज्याने हा प्रोग्राम केला त्याच्या गावात कुत्र्याला घर आहे, आणि माणसाला दारात टेकायला दगड नाही.”

“त्यांच्याकडे दारात येऊन कोणी बसत नाही, काका. फोन करून येतात.”

न्यायाची गोष्ट म्हणून नोंदवतो की त्या मुलीने काम मन लावून केले होते. टेप घेऊन ती धर्मशाळेत हिंडली होती. प्रोग्राममधले खांब गोल आणि पांढरे होते. ते टाकून तिने खऱ्या खांबांचे फोटो यंत्रात घेतले आणि एकेक चिकटवला. गॅलरीखालच्या एका पोपटाची चोच मोडून पडली होती, तर समोरचा पोपट उलटा फिरवून तिने त्याला चोच दिली होती. गल्लीकडची भिंत खरोखर थोडी तिरकी आहे. यंत्राला तिरके सहन होत नाही, म्हणून चित्रात ती सरळ उभी राहिली होती. हे सर्व तिने मला दाखवले. मी पाहिले, आणि माझा राग वाढला. पोपटाच्या चोचीपर्यंत जिची नजर पोहोचली, तिला संबंध ओटा दिसू नये, हे मला पटेना.

“दिसला होता,” ती म्हणाली. “मला वाटलं, नंतर कोणी जोडलेला असेल. त्यावर चटया, पेट्या, कोणाच्या सायकली. जुन्या इमारतीपुढे नंतरचं अतिक्रमण असतं ना, तसं.”

“अतिक्रमण,” मी म्हणालो. माझ्या पंचवीस ओळींच्या मसुद्यातही इतका जहरी शब्द मी कोणासाठी वापरलेला नव्हता. मग मी तिला कानबाईचे सांगितले; सविस्तर, मुद्देसूद. तिने मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही, हेही नोंदवतो.

“एक गोष्ट आहे,” ती शेवटी म्हणाली. “डेक. त्यांच्याकडे घरामागे लाकडाचा ओटा असतो. सुट्टीच्या दिवशी त्यावर मटण भाजतात.”

“तेथे देवी ठेवायची आहे.”

“भाजायला कोण सांगतंय, काका? नाव फक्त डेक. किती उंच पाहिजे?”

मी उठून उभा राहिलो आणि हात धरून दाखवला. तिने टेपने माझा हात मोजला, आकडा घातला, आणि पडद्यावर गवत दूर सारून धर्मशाळेपुढे एक ओटा उभा राहिला. तिने त्याचे लाकूड काढून दगड घातला. क्षणभर मला समाधान वाटले. तोच त्या ओट्याच्या कडेने, कोणी न बोलावता, एक पांढरा कठडा उगवला.

“हा कोणी मागितला?”

“मी नाही. तो आपोआप येतो. एवढ्या उंचीवरून त्यांच्याकडे कोणी पडलं तर कोर्टात केस होते. म्हणून प्रोग्राममध्येच घालून ठेवलाय.” तिने कठडा पुसला. ओटा पुरता लांबवायला घेतला, तर कठडा परत आला. पुन्हा पुसला, पुन्हा आला. “उंची कमी करू? मग जाईल.”

“उंची कमी केली तर ओटा जाईल, बेन.”

“तर मग राहू द्या कागदावर. मी कॉन्ट्रॅक्टरला सांगून ठेवीन.”

तोंडी सांगण्यावर माझा विश्वास नाही. तिने कागदावर चित्र छापून दिले. टायपिस्ट वापरतात ती पांढऱ्या शाईची बाटली माझ्या पिशवीत असतेच. मी तेथेच बसून कठड्याची एकेक दांडी त्या शाईने झाकली, समासात ‘कठडा रद्द समजावा’ असे लिहून खाली सही केली. तिची सही घेतली. खाली येऊन शेठची घेतली. आमच्या व्यवसायात कागदावरची दुरुस्ती अशीच पक्की होते. अस्सल कागदावर दुरुस्ती झाली, तिच्यावर संबंधितांच्या सह्या पडल्या, की तो विषय संपतो. पुढे कोणी कितीही नकला काढो, त्या अस्सलाबरहुकूमच निघतात.

काम चांगले झाले. सुतारांनी कुजलेल्या खांबांना खालून नवे सागवान जोडले, पोपटाला चोच मिळाली, भिंतीला चुना लागला. ओट्याचे निखळलेले दगड काढून त्याच उंचीवर पुन्हा बसवले. त्या अवधीत मी समोरच्या पानवाल्याच्या फळीशेजारी बसत होतो आणि दगड न दगड डोळ्यांखालून घालत होतो. मग एका दुपारी टेम्पोतून लोखंडी नळ्यांचा कठडा उतरला. पांढरा रंग दिलेला. कारागिरांनी ओट्याच्या दगडात भोके पाडायला सुरुवात केली.

मी धावत गेलो. कॉन्ट्रॅक्टरने शांतपणे एक गुंडाळी उलगडून दाखवली. तेच चित्र, तोच ओटा, आणि त्यावर धडधडीत कठडा.

“हा अस्सल कागद नव्हे,” मी म्हणालो. “अस्सलावर तीन सह्या आहेत.”

“काका, त्यात अस्सल काय आणि नक्कल काय? माझा कागद चुन्याने खराब झाला, मी ऑफिसातून ताजी प्रिंट काढून आणली. बटन दाबलं की निघते.”

आता त्या यंत्राविषयी मला जे म्हणायचे आहे ते येथेच म्हणतो. ज्या वस्तूला आपण दुरुस्त झालो हे कळत नाही, तिच्या हाती जुन्या इमारती देऊ नयेत. आम्ही तिघांनी सह्या करून जे रद्द केले, ते तिच्या पोटात जसेच्या तसे जिवंत होते, आणि बटन दाबणाऱ्या कोणाही माणसाला ती ते खरे म्हणून काढून देत होती. जगात अस्सल म्हणून काही असते, म्हणूनच तर जीर्णोद्धार करायचा. नाहीतर पाडून नवी धर्मशाळा बांधायला कोणाची हरकत होती?

मी शेठकडे गेलो. शेठना कठडा आवडला होता.

“शोभा आली, काका. आणि भटके लोक येऊन बसणार नाहीत.”

“शेठ, मी बसतो.”

“तुम्ही आत बसा ना. तुम्हाला कोण नाही म्हणतं?”

मी आत बसलो. माझी माणसे कठड्याबाहेर, रस्त्यावर उभी राहून, नळ्यांमधून कागद पुढे सरकवू लागली. उधन्याचा एक लूमवाला पहिल्याच दिवशी म्हणाला, “काका, तिकीट खिडकी कव्हय उघडस?” बाकीचे हसले. पुढे तोच खेळ झाला. कोणी शेगावचे तिकीट मागे, कोणी नंदुरबारचे. उभ्याने कोणी मनातले बोलेना. मी कठड्याविरुद्ध अर्जावर अर्ज केले. प्रत्येक अर्जाला शेठ ‘पाहतो’ म्हणत आणि खरोखर पाहत, कारण माझ्या अक्षराचे त्यांना कौतुक होते.

त्या यंत्रात कठडा कायमचा गेला का, हे विचारायला मी सुनेकडेही गेलो. ती माहेरी गेली होती.

श्रावणात रविवारी कानबाई बसली. सोमवारी सकाळी आमच्या मंडळींनी, म्हणजे माझ्या पत्नीने, मला चहा देता देता विचारले, “कठडा निंघना का?”

“अर्ज विचाराधीन आहे.”

“देवी विचाराधीन नही. आज सोमवार शे.”

दुपार टळताना वाजंत्री ऐकू आली. पुढे फुगड्या घालणाऱ्या बायका, मागे लूमला सुट्टी टाकून आलेले पुरुष, मध्ये देव्या. सर्वांत पुढची देवी आमच्या मंडळींच्या डोक्यावर होती. ओट्यापाशी आल्यावर ती सवयीने पाठमोरी झाली, दोघीजणींनी चौरंगाला हात घातला, आणि तिची पाठ कठड्याला लागली. चौरंग कठड्यावरून पलीकडे नेता येईना आणि खालून घालता येईना. पायऱ्यांवरून ओट्यावर चढावे तर तेथे देवी ठेवायला वाकावे लागणार. आरतीचे ताट घेतलेली बाई थांबली, वाजंत्री थांबली.

“आते कोठे ठेवू?” आमची मंडळी म्हणाली. ती मान न हलवता माझ्याकडे पाहत होती. सगळेच पाहत होते.

मग दुसऱ्या बाईने चौरंग आपल्या डोक्यावर घेतला. ती थकली, तेव्हा तिसरीने घेतला. देवी या डोक्यावरून त्या डोक्यावर जात राहिली. खाली मात्र येईना. मी पानवाल्याशेजारच्या पीसीओतून शेठच्या ऑफिसला फोन लावला. सून परतली होती. मी काय बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. ती भाषा माझी नव्हे. सून स्कूटरवरून आली तेव्हा तिच्या गळ्यात कॅमेरा होता. पूर्ण झालेल्या कामाचे फोटो अमेरिकेला पाठवायचे होते.

“काका, यांना देवी ठेवायला सांगा ना,” ती म्हणाली. “किती वेळ धरणार?”

“कोठे ठेवायची, बेन?”

तिने ओट्याकडे पाहिले. कठड्यावर हात ठेवला आणि तो मुळापासून हलतो का ते पाहिले. चौरंग पुन्हा आमच्या मंडळींच्या डोक्यावर आलेला होता आणि तिच्या मानेची शीर टरारून फुगली होती. सून त्या मानेकडे पाहत राहिली. मग हिंदीत, कोणा एकाला न उद्देशून, म्हणाली, “किसी के पास पाना है?”

लूमवर काम करणाऱ्या माणसाच्या खिशात पाना नसेल असे होत नाही. समोरच्या बाजूचे बोल्ट निघाले, नळ्या बाजूला झाल्या. आमची मंडळी पाठमोरी झाली, दोघींनी हात दिला, आणि देवी दगडावर आली. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. आरती झाली. सुनेने फोटो काढले नाहीत; चप्पल काढून ती शेवटपर्यंत उभी राहिली.

येथे हकीकत संपली असती तर मी ती लिहायला घेतली नसती.

थंडीत धाकटे शेठ अमेरिकेहून आले. पायांत पांढरे बूट, हातात चित्राची गुंडाळी. त्यांनी खांब पाहिले, पोपट पाहिला, प्रसन्न झाले. मग गुंडाळी उलगडून चित्र आणि इमारत पुन्हा पुन्हा ताडून पाहिली, आणि माझ्या डोक्यावरून मोठ्या भावाला म्हणाले, “हे काम अपुरं आहे. कठडा कुठे आहे?”

“लागून जाईल,” मोठे शेठ म्हणाले. कठड्याच्या नळ्या आतल्या खोलीत जपून ठेवल्या होत्या.

मी उठून उभा राहिलो आणि वस्तुस्थिती निवेदन करण्यास सुरुवात केली. धाकट्या शेठनी मला मान लववून नमस्कार केला, आणि ते मोटारीत बसले.

दुसऱ्या दिवशी सून आली. माझ्या पेटीसमोर काठावर बसली, पाय खाली सोडून. असे ती पूर्वी कधी बसली नव्हती.

“मी त्यांना सांगितलं, काका. देवीचं, सगळं सांगितलं.”

“मग?”

“म्हणाले, ठीक आहे, आधी चित्रातून काढ, मला नवीन प्रिंट पाठव, मग नाही लावणार.” ती रस्त्याकडे पाहत होती. “चित्रातून तो निघत नाही.”

“अस्सल कागद आहे ना? सह्यांचा?”

“तो पाठवला होता. म्हणाले, यावर डाग पडलेत.”

डाग म्हणजे माझी पांढरी शाई आणि आमच्या तिघांच्या सह्या.

दाराशेजारी अजून चित्र आहे; पहिले काढून त्याजागी नवी प्रिंट लावली आहे. त्यात गवत आहे, लाल मोटार आहे, ओटा आहे आणि कठडाही आहे. नळ्या आतल्या खोलीत आहेत. बोल्टांची भोके ओट्याच्या पुढच्या काठावर तशीच उघडी आहेत, आणि कॉन्ट्रॅक्टर मधून मधून येऊन त्यांत बोट घालून जातो. पूर्वी मी भिंतीला पाठ लावून बसत असे. आता मी काठावर सरकलो आहे. सकाळी येतो आणि चटई नेमकी त्या भोकांवर अंथरतो. बाजूला माझी माणसे पाय सोडून बसतात. कठडा बसवायचा असेल तर आधी मला उठवावे लागेल, आणि मी उठावे असा अर्ज शेठना दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घ्यावा लागेल. श्रावण यायला अजून अवकाश आहे. मी बसलेलो आहे.